मिरजेतला लाकडी घाणा: लाट बघू नका, निवडण बघा

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. मिरज स्टेशनकडून मार्केटकडे येताना एका बोळात लाकडी घाणा सुरू झालाय, तिथलं शेंगतेल घ्या. महाग आहे. रिफाइंडच्या पिशवीशी तुलना करत बसलात तर जीव वर-खाली होईल. पण तेल खरं आहे आणि घाणेवाले मामा विचारलं ते सांगतात, न विचारलेलंही सांगतात. दुकानाला नाव नाही. पत्र्यावर ऑइलपेंटनं ‘लाकडी घाणा’ एवढंच लिहिलंय. खाली ‘शेंगदाणे, करडई, तीळ’ असं आहे, पण करडईचं तेल दरवेळी संपलेलंच असतं. तेव्हा ते पुसून टाकलं तरी चालेल.

मी तेल दोन प्रकारे बघते. एक, बोटावर घेऊन चाटून. घशाशी खवखवलं की दाणा जुना. इथलं तेल जिभेवर गोड लागतं आणि वास कच्च्या शेंगदाण्याचा येतो, भाजलेल्या दाण्याचा नाही. भाजल्याचा वास आला तर दाणा तरी गरम केलेला असतो, नाहीतर घाण्याला वेग जास्त दिलेला असतो. दुसरी परीक्षा भडंगाची. सांगलीकराला याहून मोठी प्रयोगशाळा नाही. तेल तापायला ठेवलं की पहिल्यांदा थोडा फेस येतो. घाण्याचं तेल फेसाळतंच, घाबरू नका, आच कमी करा. मग ठेचलेला लसूण सालीसकट. तो कडेनं गुलाबी व्हायला लागला की दाणे, मग कढीपत्ता. हळद आणि तिखट मात्र गॅस बंद करून, नाहीतर तिखट करपतं आणि सगळं घर खोकतं. मग चुरमुरे. या तेलात चुरमुऱ्याला तिखट धरून राहतं, डब्याच्या तळाशी लाल भुकटी उरत नाही. आणि डबा आठवड्यानं उघडला तरी जुनाट वास आला नाही. आमच्या सासूबाईंना दात नाहीत, तरी वाटीभर संपवलं, म्हणजे बघा.

आता तक्रारी. तेल निवळायला ठेवतात म्हणतात, पण डब्याच्या तळाला बोटभर साका उरतोच. भाव लिटरचा लावतात. शेंगतेलाचं लिटर म्हणजे ९१० ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे दुसरीकडचा किलोचा भाव आणि इथला लिटरचा भाव शेजारी-शेजारी ठेवून हिशोब करू नका. प्लॅस्टिकच्या कॅनचे वेगळे पैसे घेतात, ते मला पटलेलं नाही. आणि लाइट गेली की घाणा बंद. ‘उद्या या’ असं ऐकायची तयारी ठेवा.

पण हे लिहायला बसले ते या कशासाठीच नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा मी विचारलं, “मामा, शेंगदाणा कुठला?” बाकीकडे या प्रश्नाला ‘आपल्याच शेतकऱ्यांचा’ असं ठरलेलं उत्तर मिळतं. हे म्हणाले, “वहिनी, खोटं कशाला बोलू, आत्ता गुजरातचा आहे. उन्हाळी शेंग निघाली की आटपाडीकडचा घेतो. तेवढाच मिळतो आता, सगळ्यांनी ऊस आणि द्राक्षं लावलीत.” मग म्हणाले, “आत येऊन बघा की.” आत दोन बायका पोतं पसरून दाणे निवडत बसल्या होत्या. काळे, सुरकुतलेले, फुटके, बुरशीचा पांढरा-हिरवा ठिपका असलेले असे सगळे बाजूला. टाकलेल्या दाण्यांचा ढीग बघून मी तिथंच पाच लिटर घेतलं.

याला कारण आहे, आणि ते पार पश्चिम आफ्रिकेत सेनेगलमध्ये आहे. निवडणीचं मोल मी तिथं शिकले, पण तिथवर पोचायला शेंगेची आणि रेल्वेची गोष्ट आधी सांगावी लागेल. आमचे हे तिकडे ताइबाच्या फॉस्फेट खाणीकडे एका ठेकेदार कंपनीकडून कामाला होते, आणि आम्ही राहायला तिएस शहरात. राजधानी डाकारपासून सत्तर किलोमीटरवर. तिएस म्हणजे तिकडचं मिरज समजा: रेल्वेनं गाव वाढवलं, आणि गावात प्रत्येकाच्या घरात कुणीतरी रेल्वेत. आपल्याकडे एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज तिन्ही एकत्र यायच्या. तिथं दोनच फाटे, दोन्ही मीटरगेज. एक उत्तरेला सेंट-लुईसकडे, दुसरा पूर्वेला मालीच्या बामाकोकडे. आणि दोन्ही फाटे टाकले त्यामागं मुख्य माल एकच, शेंगदाणा.

हे मला तिथं जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. फ्रान्सला एकोणिसाव्या शतकात साबणाला आणि दिव्याला तेल पाहिजे होतं, मार्सेयच्या साबणवाल्यांना तर फार. सेनेगलच्या रेताड जमिनीत शेंग उत्तम येते. अडचण एवढीच होती की ती उंटा-गाढवांवरून बंदरापर्यंत आणायला लागायची. म्हणून डाकार-सेंट-लुईस लाइन, १८८५ साली सुरू झाली. ती कायोर राज्यातून जाणार होती. तिथला राजा लात जोर याला चांगलं कळत होतं की रूळ आले की मागून सगळं येणार. त्यानं म्हणे सांगितलं होतं, मी जिवंत आहे तोवर माझा घोडा मालाव रूळ ओलांडणार नाही. १८८६ च्या ऑक्टोबरमध्ये देखेलेच्या लढाईत तो मारला गेला. तिएसमध्ये शाळकरी पोराला विचारलं तरी घोड्याचं नाव सांगतं.

तिएसचं नशीब पालटलं ते १९०७ पासून. तिथून पूर्वेकडे मालीतल्या कायेसच्या दिशेनं रूळ टाकायला घेतले आणि मधल्या पहिल्या महायुद्धामुळे ते काम १९२३ पर्यंत लांबलं. लाइन जसजशी पुढं सरकली तसतशी शेंगेची शेतीही रुळाच्या दोन्ही बाजूंनी पुढं सरकली. १९३० नंतरच्या दशकात चांगल्या वर्षी पाच लाख टनांच्या पुढं शेंगा निर्यात व्हायच्या. पेरणीच्या हंगामात मालीकडून मजूर गाड्या भरभरून यायचे, शेंग निघाली की परत जायचे. आपल्याकडे ऊसतोडीला येतात तसं नाही; तिकडे मजुराला मालकाच्या जमिनीतला एक तुकडा स्वतःला पेरायला मिळायचा. आणि जमीन शेंगेत गेल्यावर खायचं काय? फ्रेंचांनी त्यांच्याच ताब्यातल्या इंडोचायनातून तुकडा तांदूळ आणून विकला. त्या कण्यांनीच तिथलं आजचं मुख्य जेवण बनलंय, चेबुजेन: मासा, भाज्या आणि तांदूळ एकाच भांड्यात, भरपूर तेलात. रविवारी शेजारून मोठं ताट यायचं. आमचे शाकाहारी पाहुणे आले की पंचाईत.

आता तिएसला वर्कशॉप का, तर दोन्ही लाइनी तिथं मिळतात म्हणून. इंजिनं आणि डबे दुरुस्तीचे मोठे कारखाने तिथं उभे राहिले, शेजारी कामगारांची बालाबे वसाहत. मोठाल्या झाडांच्या सावलीतले सरळसोट रस्ते, साहेबांचे बंगले एका अंगाला आणि कामगारांची घरं दुसऱ्या अंगाला. मिरजेची रेल्वे कॉलनी बघितलेल्यांना वेगळं समजवायला नको.

आमच्या शेजारच्या आजोबांचं सगळं बोलणं मात्र रुळांवरून सुरू होऊन संपापाशी पोचायचं. पहिला मोठा झगडा १९३८ चा, सप्टेंबरमध्ये. रोजंदारीवरच्या कामगारांनी काम थांबवलं, तिएसमध्येच सैनिकांनी गोळीबार केला आणि सहा जण गेले. दुसरा १९४७ चा. १० ऑक्टोबरला सुरू झाला आणि १९ मार्च १९४८ ला मिटला. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतल्या सगळ्या लाइनी मिळून वीस हजारांच्या आसपास माणसं बाहेर. पुढारी इब्राहिमा सार. मागणी साधी होती: गोऱ्या आणि काळ्या नोकरदारांची एकच श्रेणी, तेच कुटुंबभत्ते. पाच महिने पगाराशिवाय ही माणसं काय खात होती, असं मी विचारलं. आजोबा म्हणाले, गावाकडून धान्य आलं आणि बाजारात उधारी चालली. म्हणजे शेतकऱ्यानं संप जगवला. आयव्हरी कोस्टची लाइन मध्येच कामावर परतली, बाकीचे टिकले. पगार वीस टक्क्यांनी वाढले आणि एकच श्रेणी मान्य झाली. आजोबांचे वडील त्या संपात होते, त्यामुळे घरात ही गोष्ट आपल्याकडे पत्री सरकारची सांगतात तशा थाटात सांगितली जायची.

रेल्वेची उतरणही आजोबांनीच सांगितली, पण थोडक्यात. १९६० ला माली आणि सेनेगलचं संघराज्य मोडलं आणि १९६३ पर्यंत सरहद्दीवर गाडीच बंद. पुन्हा सुरू झाली, रुळांची देखभाल मात्र होईना. २००३ साली दोन्ही सरकारांनी लाइन एका खासगी फ्रेंच-कॅनेडियन कंपनीला चालवायला दिली. तिनं मालावर लक्ष दिलं, प्रवासी दुय्यम ठरले. मालीकडची बारकी स्टेशनं बंद झाली आणि फलाटावर आंबे-भाज्या विकून घर चालवणाऱ्या बायकांचा धंदा बसला. आम्ही होतो तेव्हा बामाकोची पॅसेंजर कधीच बंद झालेली होती. २०१८ ला मालीकडच्या मालगाड्याही थांबल्या. डाकारला चकचकीत नवी गाडी २०२१ च्या डिसेंबरात सुरू झाली, पण ती तिएसपर्यंत येत नाही. वर्कशॉपच्या भिंतीलगत चालायला जायचे मी. आत गंजलेले डबे आणि त्यांच्या सावलीत झोपलेल्या बकऱ्या.

रुळावरून जे काही जायचं ते आमच्याच खाणीकडचं: फॉस्फरिक आम्लाच्या टाक्या, डाकार बंदराकडे. त्यातलं बरंचसं पुढं जहाजानं भारतात येतं आणि त्याचं डीएपी खत होतं. हे आम्ल बनवणाऱ्या तिकडच्या कंपनीत आपल्या इफ्को या खत सहकारी संस्थेची जुनी भागीदारी होती, २०१४ ला इंडोरामा या खासगी कंपनीनं ताबा घेतला. वाळव्याच्या उसात पडणारं खत आमच्या खिडकीसमोरून जायचं म्हणा ना.

आणि शेंग? तिएसच्या बाजारात आता शेंगदाण्याची पोती असतात, पण घराघरांत स्वयंपाकाला बाहेरून आलेलं सोयाचं किंवा पामचं रिफाइंड. कच्चा दाणा गेली काही वर्षं चीनकडे जातोय, तिकडून भाव बरा मिळतो. सरकार हंगामाच्या तोंडाला किमान भाव जाहीर करतं. २०२४ च्या हंगामाला किलोला ३०५ सीएफए फ्रँक (तिकडचं चलन) होता. देशातल्या तेलगिरण्यांना दाणा पुरत नाही ही ओरड दरवर्षीची. ज्यांच्या शेंगेवर एक अख्खी रेल्वे उभी राहिली त्यांच्याच कढईत परदेशी तेल. मला हे चमत्कारिक वाटायचं, मग सांगलीला परत आले आणि गल्लीतल्या किराणा दुकानात पामतेलाच्या पिशव्यांचा ढीग बघितला. गणपती पेठेतून वडील पत्र्याच्या डब्यात गोडेतेल आणायचे, ते दिवस आठवले.

रिफाइंड न परवडणारे तिकडे घरी किंवा गल्लीत पिळलेलं तेल वापरतात, सेगाल म्हणतात त्याला. वासाला सुंदर. मी आणायला निघाले तेव्हा शेजारच्या सूनबाईनं हात धरला. ती दवाखान्यात परिचारिका. तिनं सांगितलं ते मी इथं मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडे घाण्याचं तेल म्हणजे डोळे मिटून औषध असं चाललंय. ओलसर राहिलेल्या शेंगेला एक बुरशी येते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक. कारखान्यात रिफाइंड करताना ते निघून जातं. घाण्यात पिळून, कापडातून गाळून ते जात नाही. तिकडच्या शास्त्रज्ञांनी यावर तिएसजवळच सापडणारी अटापुल्गाइट नावाची माती वापरून बघितली. ती तेलात मिसळून गाळली की विष मातीला धरून राहतं आणि तेल स्वच्छ होतं. पण ही माती प्रत्येक घाण्यावर पोचलेली नाही. चांगलं तेल हवं तर मुळात वाईट दाणा आत जाऊ द्यायचा नाही. सूनबाई सेगाल घ्यायची ते फक्त एका ओळखीच्या बाईकडून, जी दाणे समोर निवडायची.

म्हणून आपल्याकडे जे लाट, म्हणजे घाण्यात फिरणारं लाकूड, बाभळीची की चिंचेची, फेरे मिनिटाला किती, असलं विचारत बसतात त्यांना सांगते, लाकूड राहू द्या. निवडायला कोण बसलंय ते बघा. सांगलीतल्याच दुसऱ्या एका घाण्यावर मी आधी तेल घ्यायचे. फरशी गुळगुळीत, काचेची भिंत, सगळं झकास. दाणा मात्र पोत्यातून सरळ घाण्यात. विचारलं तर म्हणाले, “मशिनचा सॉर्ट केलेला येतो.” येतही असेल. पण दुसऱ्या डब्याला खवट वास आला आणि बदलून द्यायला तयार झाले नाहीत, तेव्हा सोडलं.

मिरजेच्या मामांकडे आपले दाणे नेऊन पिळूनही मिळतात. साधारण अडीच किलोला एक लिटर धरा, कमी-जास्त दाण्यावर. पिळाई किलोवर घेतात. पेंड ठेवून घेणार असाल तर आधी सांगा. गृहीत धरतात की तुम्हाला नको आणि गवळ्याला देऊन टाकतात. एक गोष्ट आवडली: माझ्या माहेरच्या शेंगा नेल्या तेव्हा त्यांनी मूठभर फोडून, वास घेऊन अर्धं पोतं बाजूला काढलं. म्हणाले, “वहिनी, हे ओलं पोत्यात भरलंय. हे जनावरालासुद्धा घालू नका.” पिळाईचे पैसे बुडाले तरी पिळलं नाही.

सोमवारी बंद. सकाळी अकराच्या आत गेलात तर निवडण चालू दिसते, दुपारनंतर बायका घरी जातात. स्टीलचा किंवा काचेचा डबा घरून न्या. पाच लिटरच्या वर घेतलं तर सांगलीत विश्रामबागपर्यंत पोचवतात. पोरगं तीन मजले चढून येतं, त्याला पाणी विचारा. करडईचं तेल कधी येणार ते मात्र विचारू नका, ‘पुढच्या आठवड्यात’ असं म्हणतील.