पूना हॉर्सचा सेंच्युरियन कपाटात हवा: किट जोडावं की तयार मॉडेल घ्यावं?

रणगाड्यांची मॉडेल्स जमवायची म्हटली की बहुतेकांचं मन आधी जर्मन टायगरवर जातं. आपल्याकडे मात्र सेंच्युरियन या ब्रिटिश रणगाड्याचं नाव तितक्याच ओढीने घेणारी मंडळी आहेत, आणि त्याला कारण आहे. १९६५ च्या युद्धात फिल्लोरा-चाविंडा भागात पूना हॉर्सचं नेतृत्व करताना धारातीर्थी पडलेले लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर जन्माने मुंबईचे. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत अवघ्या एकविसाव्या वर्षी गेलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल जन्माने पुण्याचे. दोघांची रेजिमेंट पूना हॉर्स, दोघांचा रणगाडा सेंच्युरियन, दोघांना मरणोत्तर परमवीर चक्र. खेत्रपालांचा ‘फामागुस्ता’ नावाचा रणगाडा अहिल्यानगरला जपून ठेवला आहे. तेव्हा हा एकच रणगाडा समोर ठेवून बोलू. टी-५५ किंवा पॅटन हवा असणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुम्हाला ‘एक सेंच्युरियन’ हवा असेल तर तयार मॉडेल घ्या आणि मोकळे व्हा. ‘पूना हॉर्सचाच सेंच्युरियन’ हवा असेल तर किटला पर्याय जवळजवळ नाही. पैसा, वेळ, हातातलं कसब या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या.

तयार सेंच्युरियन बाजारात येतात ते मुख्यतः ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन किंवा इस्रायली रंगरूपात. कंपन्या खप बघून रंग ठरवतात, आणि भारतीय चिन्हांना जगाच्या बाजारात फारसा खप नाही. म्हणजे खोक्यातून निघालेल्या रणगाड्यावर कोरियाच्या युद्धातली ब्रिटिश रेजिमेंट असणार, आणि तो कपाटात मांडून ‘हा चाविंड्याचा’ असं पाहुण्यांना सांगायचं. पाहुण्यांना कळणार नाही. तुम्हाला मात्र रोज कळेल.

आता आकार. खरा सेंच्युरियन तोफेची नळी पुढे केलेली असताना पावणेदहा-दहा मीटरच्या आसपास भरतो. १:३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या मापात, तो साधारण २८ सेंटीमीटर होतो, १:५० मध्ये २० आणि १:७२ मध्ये साडेतेरा-चौदा. रणगाड्यांच्या किटमध्ये १:३५ हे माप सर्वांत रुळलेलं. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारं पँथर रणगाड्याचं किट काढलं, तेव्हा आत बॅटऱ्या बसतील एवढा सांगाडा धरला आणि त्यातून हे विचित्र माप जन्माला आलं. पुढे बाकीच्यांनीही तेच उचललं. तयार मॉडेल्सचा मोठा भाग १:७२ मध्ये असतो. कॉर्गीचा धातूचा सेंच्युरियन १:५० मध्ये आला होता.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, घरात नाही. मुंबईतल्या वन बीएचकेमध्ये १:७२ ची दहा वाहनं एका फळीवर ऐटीत उभी राहतात. १:३५ चे तीन रणगाडे ठेवले की फळी संपते, आणि मग घरातल्यांशी वाटाघाटी सुरू होतात. उलट बाजूही आहे. पाच फूट सात इंचांचा सैनिक १:३५ मध्ये जवळपास पाच सेंटीमीटरचा असतो, त्याच्या चेहऱ्यावर भाव रंगवता येतात. १:७२ मध्ये तो अडीच सेंटीमीटरही भरत नाही. एकाच देखाव्यात दोन मापं मिसळायचा मोह मात्र टाळा. १:५० च्या रणगाड्याशेजारी १:३५ चा सैनिक उभा केला की तो आठ फुटी राक्षस दिसतो.

किटचं खोकं उघडल्यावर काय दिसतं, हे ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: प्लास्टिकच्या चौकटी, म्हणजे स्प्रू, आणि त्यांना लटकलेले शेकडो भाग. प्रत्येक भाग कटरने तोडायचा, तोडलेल्या जागी राहिलेला टोचा पातीने कापायचा, साच्याच्या दोन बाजू जिथे मिळतात तिथली बारीक रेघ सँडपेपरने घालवायची, मग चिकटवायचा. सेंच्युरियनला एका बाजूला सहा चाकं, तीही जोडीची. म्हणजे चोवीस चकत्या, प्रत्येकीच्या कडेला रबराची पट्टी. लोखंडी भाग हिरवा आणि रबर काळपट, आणि दोघांमधली गोल रेघ चोवीस वेळा स्वच्छ यायला हवी. पहिल्या पाच-सहा चकत्यांना उत्साह असतो. खरी परीक्षा पंधराव्या चकतीला. हे वाचताना ‘छान, रविवारची दुपार जाईल’ असं वाटलं असेल तर किट तुमच्यासाठी आहे. ‘कोण करणार हे?’ असं वाटलं असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तयार मॉडेल घ्या. माळ्यावर न उघडलेल्या किटच्या खोक्यांची उतरंड लावून बसलेले शौकीन मी कमी पाहिलेले नाहीत.

सेंच्युरियनने एक सवलत दिली आहे. त्याच्या बाजूंना ट्रॅकवर, म्हणजे चाकांभोवती फिरणाऱ्या साखळपट्ट्यांवर, झाकण म्हणून पत्रे असतात. ते लावायचे ठरवलेत तर ट्रॅकचा वरचा भाग झाकला जातो आणि तिथली मेहनत वाचते. टायगरमध्ये असली सूट नाही. त्याची एकमेकांत गुंतलेली चाकं नवख्याच्या नाकी नऊ आणतात.

मघाशी ‘पूना हॉर्सचाच’ म्हणालो, तेव्हा थोडं नळीबद्दल बोलायला हवं. सेंच्युरियनच्या २०-पाउंडर तोफेच्या, म्हणजे ८४ मिलिमीटरच्या, नळ्या दोन तऱ्हेच्या दिसतात. एक सरळ, गुळगुळीत. दुसरीवर मध्येच एक फुगवटा, जो तोफेतला धूर टरेटच्या, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजाच्या, आत येऊ देत नाही. नंतरच्या सेंच्युरियनवर १०५ मिलिमीटरची तोफ आली, तिलाही फुगवटा आहे, पण घडण वेगळी. तामियाचं किट मार्क ३ चं, म्हणजे सेंच्युरियनच्या तिसऱ्या आवृत्तीचं, आहे आणि त्यात सरळ नळी येते. तैवानच्या एएफव्ही क्लबने नंतरच्या मार्कांची किट काढली आहेत. त्यांत तपशील जास्त आणि भागही बरेच जास्त. किट मागवण्याआधी तुम्हाला जो रणगाडा करायचा आहे त्याचा त्या काळातला फोटो समोर घ्या आणि नळी ताडून बघा. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून सुरू आहे. तिथे एकदा जाऊन मागची जाळी, अवजारांच्या पेट्या, दिवे कुठे कसे आहेत ते डोळ्यांखालून घालून आलात तर किट जोडताना त्याचा उपयोग पावलोपावली होतो. तयार मॉडेल घेणाऱ्याला हा खटाटोप नाही. पण चूक असलीच तर ती कंपनीची, आणि तिला इलाजही नाही.

चिन्हांचाही प्रश्न आहेच. किटबरोबर पाण्यात भिजवून लावायचे डिकॅल, म्हणजे छापील चिन्हांचे पातळ पापुद्रे, येतात, पण तेही बहुधा ब्रिटिश. भारतीय चिन्हं हवी तर पारदर्शक डिकॅल कागदावर छापून घ्यावी लागतात. साध्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, त्यामुळे हिरव्या रंगावरचे पांढरे आकडे आणि अक्षरं त्यावर छापता येत नाहीत. ती स्टेन्सिल कापून रंगवायची, किंवा हात स्थिर असेल तर ब्रशने लिहायची. या एका कामाला अख्खी संध्याकाळ जाते, आणि याच कामामुळे तो रणगाडा तुमचा होतो.

खर्चाचा हिशेब लोक हटकून चुकवतात. किट स्वस्त आणि तयार मॉडेल महाग, असा समज आहे. दुसऱ्या-तिसऱ्या किटपासून तो खरा ठरू लागतो, पहिल्याच्या वेळी नाही. तीनेक हजारांचं किट घेतलंत तर कटर, पाती, पातळ सिमेंट (प्लास्टिक चिकटवायचं द्रव्य), प्रायमर, चार-पाच रंग, बरे ब्रश आणि वॉर्निश मिळून जवळपास तेवढेच पैसे आणखी जातात. एअरब्रश (रंग फवारायची छोटी पिचकारी) आणि कॉम्प्रेसर घ्यायचा तर वेगळी तरतूद करा. पहिल्या रणगाड्यासाठी तो घेऊ नये असं माझं मत. ऑलिव्ह ग्रीनसारखा एकरंगी रणगाडा स्प्रे कॅन आणि ब्रशवर उत्तम होतो.

परदेशातून मागवताना दोन्हींना एकच टोल नाका लागतो. जकातीच्या वर्गवारीत खेळणी आणि लहान मापाची मॉडेल्स एकाच शीर्षकाखाली येतात. त्यावरचं मूळ सीमा शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. हे दर बदलत राहतात, म्हणून ऑर्डर देण्याआधी चालू दर पाहा आणि कुरिअरचा खर्च धरूनच बेरीज करा. धातूचं तयार मॉडेल वजनदार, म्हणून कुरिअर जास्त. किटचं खोकं हलकं पण मोठं. रंग आणि सिमेंट ज्वलनशील असल्याने विमानाने पाठवायला अडचण येते. ते इथल्याच हॉबीच्या दुकानांतून घ्यावेत, किंवा व्हॅलेहोसारखे पाण्यात मिसळणारे रंग वापरावेत.

विकायची वेळ आली तर बाजी पूर्ण उलटते. मूळ खोक्यासकट जपलेलं तयार मॉडेल बंद झालं की त्याला भाव येतो. तुम्ही जोडलेल्या किटला, तुम्ही नावाजलेले मॉडेलर नसाल तर, कोणी किटची किंमतही देत नाही. आणि द्यावी तरी का?

आपल्या हवेबद्दल परदेशी मार्गदर्शक लिहीत नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर लॅकर रंग फवारला की हवेतली वाफ त्यात अडकते आणि ऑलिव्ह ग्रीनवर दुधाळ पांढुरका पडदा येतो. रंग सावकाश वाळवणारं रिटार्डर घालून थोडं सावरता येतं, पण शहाण्याने पावसाळ्यात जोडकाम उरकावं आणि रंग ऑक्टोबरनंतर काढावेत. डिकॅलचे कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा, नाहीतर पिवळे पडतात. तयार मॉडेलही दमटपणातून सुटत नाही. स्वस्त धातूच्या मॉडेलचे लोखंडी स्क्रू आधी गंजतात, आणि जस्ताच्या मिश्रधातूत शिसं वगैरे भेसळ असेल तर वर्षानुवर्षांनी धातूच आतून फुगून तडकतो. जुनं, वापरलेलं मॉडेल घेताना चेसिसवर बारीक भेगा किंवा फोड दिसले तर हात आवरा, कितीही स्वस्त असो. किटमधलाही एक छुपा शत्रू सांगून ठेवतो: मऊ व्हिनाइलचे ट्रॅक. त्यातलं रसायन काही वर्षांनी चाकाच्या प्लास्टिकला खाऊ लागतं. टेकतात तिथे रंगाचा आणि वॉर्निशचा चांगला थर द्या, किंवा सुट्या प्लास्टिक कड्यांचे ट्रॅक घ्या.

घरात लहान मूल असेल तर फार विचार करू नका. १:३५ ची अँटेना, मशिनगनची नळी, अवजारांचे दांडे हात लागला की तुटतात, आणि पाती व सिमेंटचा वास मुलांपासून दूरच बरा. बऱ्याच किटच्या खोक्यावर चौदा वर्षांपुढचं वय छापलेलं असतं, ते उगाच नाही. मुलाला हाताळायला धातूचं जाड तयार मॉडेल द्या. तो त्यावर दिवाळीच्या किल्ल्यावरून हल्ला चढवेल, आणि मॉडेल टिकेल.

एक मधला रस्ता आहे, ज्याला कट्टर किटवाले नाक मुरडतात. साधं १:७२ चं तयार मॉडेल घ्यायचं, त्यावरची परदेशी चिन्हं अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने हलकेच पुसून बघायची. आधी पोटाकडच्या भागावर चाचणी घ्या, कारण काही रंगही त्याबरोबर निघतात. मग चिन्हांपुरता नवा हिरवा हात द्यायचा, भारतीय आकडे लिहायचे, खाचाखोचांत पातळ तपकिरी वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, सोडायचा आणि खालच्या भागाला मातकट रंगाची पूड चोळायची. तयार मॉडेलचा खेळण्यासारखा चकचकीतपणा दोन संध्याकाळींत जातो. जोडकाम नको पण रंगकाम आवडतं, अशांना मी हेच सुचवतो. नळी चुकीची असेल तर ती तशीच राहील, एवढं पोटात घालायचं.

किटच घ्यायचं ठरलं, तरी पहिलं किट सेंच्युरियनचं नको. तामियाची १:३५ ची विलीज जीप घ्या. जेमतेम साडेनऊ सेंटीमीटरची, चार चाकं, ट्रॅकची भानगड नाही, भाग बेताचे आणि बसतात नेमके. तिच्यावर कटर, सिमेंट, ब्रश सगळ्यांचा हात बसवून घ्या. यंदाच्या हिवाळ्यात जीप रंगवून झाली की मग सेंच्युरियन मागवा. पुढच्या पावसाळ्यात तो जोडा आणि दसऱ्यानंतर रंगाला घ्या.