कंबरदुखीचा व्यायाम: फिजिओथेरपिस्टसमोर की घरी, आपला आपण?

कंबर 12 आठवड्यांहून जास्त काळ दुखत असेल तर ते दुखणं जुनाट धरतात. त्यावर व्यायाम करावा का, हा प्रश्न आता उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत आखीव व्यायामाची शिफारस आहे, तर कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून किंवा यंत्राने कंबरेला ताण देणं) सरसकट देऊ नयेत असं म्हटलं आहे. पेच पुढचा: व्यायाम करायचा कुणासमोर?

देखरेखीचा फायदा बारीकसारीक गोष्टींत दिसतो. ब्रिजच घ्या. उताणं झोपायचं, गुडघे वाकवायचे, कंबर उचलायची. पण टाचा लांब राहिल्या की मांडीच्या मागे गोळा येतो आणि माणूस ‘मला हे सोसत नाही’ म्हणून सोडून देतो. फिजिओथेरपिस्ट टाचा चार बोटं आत घ्यायला लावतो, रोखलेला श्वास सोडायला सांगतो, आणि झेपतंय असं दिसलं की भार वाढवतो. एकट्याने भार वाढवायला बहुतेकांचं मन धजत नाही. वाकलं तर मणका सरकेल अशी धास्ती ज्याला आहे, त्याने सुरुवात देखरेखीखालीच करावी, असं मी ठामपणे सांगेन.

वेदना आणि हालचाल या दोन्हींत देखरेखीचं पारडं थोडं जड पडतं, पण फार नाही. शिवाय सत्रं संपतात, कंबर आपल्याकडेच राहते. घरचा व्यायाम वर्षानुवर्षं चालू शकतो. फक्त दुखणं उतरलं की तोही सुटतो, आणि तिथेच घात होतो.

म्हणून मला मधली वाट पटते. ‘लॅन्सेट’मध्ये 2024 साली आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात कंबरदुखीतून नुकतेच सावरलेले 701 जण होते. त्यातल्या निम्म्यांना फिजिओथेरपिस्टने चालण्याच्या व्यायामाबद्दल सहा महिन्यांत सहा वेळा मार्गदर्शन केलं, बाकी चालणं त्यांचं त्यांनी केलं. त्यांचं दुखणं परतायला साधारण 208 दिवस लागले, असं मार्गदर्शन न मिळालेल्या इतरांचं साधारण 112 दिवसांत परतलं.

आधी मोजकी सत्रं घ्या, मग घरी करा आणि अधूनमधून दाखवून या. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशीही उतरलं नाही, तर पुढच्या वेळी थोडं कमी करा. मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी होत चालली, तर व्यायाम थांबवून लगेच रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.