ॲक्सेसमध्ये निष्क्रिय वापरकर्ता ओळखणं: काही महिन्यांच्या वापरानंतर

मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रामची सामायिक फाइल उघडी टाकून कुणी उठून गेलं की तिच्यावरचं लॉक सुटत नाही आणि फाइल आवळून दुरुस्त करणारं ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ अडतं, कारण त्याला फाइल एकट्याच्या ताब्यात लागते. म्हणून अशा निष्क्रिय वापरकर्त्याला ओळखून आपोआप बाहेर काढायला आधी सगळे वापरतात तोच जुना उपाय बसवला. एक लपवलेला फॉर्म, टायमरइंटरव्हल १००० मिलिसेकंद, आणि दर सेकंदाला स्क्रीन.ॲक्टिव्हफॉर्म (समोरचा फॉर्म) व स्क्रीन.ॲक्टिव्हकंट्रोल (फोकस असलेला रकाना किंवा बटण) मागच्या वेळेपेक्षा बदललेत का ते पाहायचं.

बसवायला सोपं, पण खोट मोठी. शेऱ्याच्या रकान्यात कुणी बराच वेळ टाइप करत बसलं तर कंट्रोल बदलतच नाही आणि भर कामातल्या माणसाला बाहेर काढलं जातं. फोकस कुठेच नसेल तर ॲक्टिव्हकंट्रोल एररही देतं.

मग विंडोजचं गेटलास्टइनपुटइन्फो हे फंक्शन घेतलं. कीबोर्ड किंवा माउस शेवटचा कधी हलला ते यातून कळतं. गेटटिककाउंट, म्हणजे मशीन सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद, त्यातून ती वेळ वजा करायची. ६४ बिट ऑफिसमध्ये अशी विंडोज फंक्शनं जाहीर करणाऱ्या डिक्लेअर ओळीत पीटीआरसेफ हा शब्द लागतो. व्हीबीए या ॲक्सेसच्या प्रोग्रामिंग भाषेतला लाँग हा संख्याप्रकार ऋण संख्याही धरतो, त्यामुळे मशीन सलग २४.९ दिवस चालू राहिलं की आकडा ऋण होतो आणि नेमक्या त्या सांध्यावर वजाबाकी ओव्हरफ्लो होते, म्हणजे उत्तर लाँगमध्ये मावत नाही. दोन्ही आकडे डबल या मोठ्या संख्याप्रकारात घ्या, उत्तर ऋण आलं तर ४२९४९६७२९६ मिळवा.

एवढ्यानंही भागत नाही. गेटलास्टइनपुटइन्फो अख्खं सेशन, म्हणजे त्या लॉगिनमधले सगळे प्रोग्राम बघतं, त्यामुळे एक्सेलमध्ये रमलेला माणूसही याच्या लेखी हजरच. लॉक सोडवायचं असेल तर समोरची विंडो ॲक्सेसची आहे का, हे गेटफोरग्राउंडविंडोनं वेगळं तपासावं लागतं. मी आता दोन्ही तपासण्या दर ३० सेकंदांनी करतो.

डोकं खरं खाल्लं ते अर्धवट रेकॉर्डनी. बाहेर काढण्याआधी ती सेव्ह करायला जावं तर आवश्यक रकाना रिकामा म्हणून ॲक्सेस अडून बसतं, आणि ओके दाबायला तिथे असतं कोण? मी अनडू करतो, म्हणजे अर्धवट बदल रद्द करतो, पण आधी फॉर्मचं आणि वापरकर्त्याचं नाव एका टेबलात नोंदवतो. बाहेर काढण्याआधीच्या सूचनेसाठीही मेसेजबॉक्स नकोच, तो उत्तर मिळेपर्यंत कोड थांबवून ठेवतो. उलटी मोजणी दाखवणारा साधा फॉर्म बरा.

मोठा रिपोर्ट कोडमधून चालू असताना टायमर गप्प असतो आणि रिपोर्ट संपताच सगळा वेळ निष्क्रिय म्हणून मोजला जातो. त्यामुळे रिपोर्ट संपल्याची वेळ एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवून, शेवटची हालचाल आणि ती वेळ यांतली जी नंतरची, तिथून मोजणी सुरू करतो.