घोडबंदरच्या फ्लॅटसाठी कुत्रा कोणता, कोली की लॅब (लॅब्राडॉर)?

पोरांशी दोघांचंही मस्त जमतं, त्यात डावं-उजवं नाही. लॅब्राडॉर खादाड, वडापावचा कागदही सोडत नाही आणि बघता बघता फुगतो. पण कुरिअरवाल्यालाही शेपूट हलवून घरात घेईल. रफ कोली मूळचा स्कॉटलंडचा मेंढपाळी कुत्रा. पार्किंगमध्ये पळणाऱ्या पोरांना गोल फिरून एकत्र आणू बघतो आणि लिफ्टच्या आवाजालाही भुंकतो. शेजारी कटकटे असतील तर बघा बुवा! शिकतो मात्र झटकन, आणि आवाज चढवलात की हिरमुसतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात. लॅब टॉवेलने खसाखसा पुसला की झालं. कोलीच्या कानामागे, मांड्यांवर केसांच्या गाठी होतात. मुळापर्यंत विंचरून पंख्याखाली वाळवावा लागतो, नाहीतर खाज सुटलीच. उन्हाळ्यात एसी हवा, पण त्याचा गोटा करू नका, तो कोट उन्हापासूनही वाचवतो. विंचरायला कुणी बसणार असेल तरच कोली आणा. आमच्याकडे कुणी बसेना, म्हणून माझं मत लॅबला.

औषधांचं मात्र गंभीर आहे. बऱ्याच कोलींच्या एमडीआर१ जनुकात, म्हणजे औषधं मेंदूत शिरू न देणाऱ्या जनुकात, दोष असतो. खरजेसाठी मोठ्या डोसमध्ये दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन अशा कुत्र्याच्या मेंदूत साचून जिवावर बेतू शकतं. इंजेक्शनआधी डॉक्टरांना कुत्रा कोली आहे हे सांगा, जमल्यास जनुक चाचणी करून घ्या.