पवनेच्या काठावर तंबूच नव्हता

गेल्या डिसेंबरात माझे पंधरा हजार रुपये गेले. त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. माझे ७१ वर्षांचे बाबा गळाची पिशवी काखेत धरून अंधारात, थंडीत, रस्त्याच्या कडेला दीड तास उभे होते. थंडी पडली की मुंबईतून पवना, भंडारदरा या धरणांच्या काठी तंबूत राहायला जाणाऱ्यांची रीघ लागते. त्यातल्या एकाचे तरी पैसे वाचावेत म्हणून सगळं लिहितोय.

बाबा मूळचे अलिबागकडचे. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी पवई तलावावरच्या मासेमारी क्लबच्या एका ओळखीच्या सभासदाबरोबर तिथे गळ टाकून बसायचे. गुडघे दुखायला लागल्यापासून तेही बंद झालं. त्यांच्या वाढदिवसाला डोंगरातल्या धरणावर एक रात्र राहायचं आणि सकाळी त्यांना निवांत गळ टाकू द्यायचा, असं मी आणि बायकोने ठरवलं. त्यांना शेवटपर्यंत सांगायचं नाही, असंही ठरलं. तीच चूक महागात पडली.

इन्स्टाग्रामवर ‘पवना लेक कॅम्पिंग’ अशी जाहिरात दिसली. माणशी १४०० रुपये, त्यात तंबू, बार्बेक्यू, रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे, वर ‘फिशिंगची सोय’. आम्ही पाच जण, म्हणजे सात हजार. अर्धे आगाऊ, ३५०० भरले. दुसऱ्या दिवशी फोन आला. आवाज अगदी अदबीचा, प्रत्येक वाक्यात ‘दादा’. मासेमारीचा सरकारी परवाना काढावा लागतो, एका गळाचे ५०० रुपये. दोन गळांचे हजार दिले. गोल शिक्का मारलेला कागद व्हॉट्सअॅपवर आला. मग शुक्रवारी रात्री, ‘दादा, तंबूचं डिपॉझिट तीन हजार, निघताना परत.’ तेही दिले. पैसे पाठवताना स्क्रीनवर कुठल्यातरी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचं नाव दिसत होतं. मी पाहिलं आणि पुढे गेलो.

शनिवारी लोणावळ्याला उतरून जीप केली. दुधिवरे खिंड ओलांडून पाणी दिसलं तेव्हा बाबांचा चेहरा असा उजळला की मला सगळं भरून पावल्यासारखं वाटलं. पाठवलेलं लोकेशन ठाकूरसईच्या पुढे एका कुंपण घातलेल्या शेताजवळ संपलं. पाण्यापलीकडे तुंग किल्ल्याचं टोक, आणि आजूबाजूला काहीच नाही. फोन केला तर, ‘माणूस घ्यायला येतोय, दहा मिनिटं.’ सूर्य मावळला. पुन्हा फोन, पुन्हा दहा मिनिटं. मी चिडून पैसे परत मागितले तेव्हा तो लगेच तयार झाला. क्यूआर कोड पाठवला, म्हणाला स्कॅन करा, ७५०० टाका, पिन टाका, रक्कम तुमच्या खात्यात येईल. मुलगी थंडीने कुडकुडत होती, जीपवाला घाई करत होता. मी पिन टाकला. आणखी ७५०० गेले. त्यानंतर फोन बंद.

हे लिहिताना अजूनही हात थांबतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो फक्त पैसे द्यायला लागतो. मला हे माहीत होतं. दमलेल्या, घाबरलेल्या माणसाला माहीत असलेलंही आठवत नाही, आणि ते लोक नेमकी तीच वेळ गाठतात.

जीपवाल्याने पुढच्या गावात एका तंबूवाल्याकडे नेलं. त्याने आधी चहा दिला, मग मोबाईल मागितला. जाहिरातीतले चार फोटो त्याच्याच जागेचे होते. ‘दादा, या महिन्यातली तुमची तिसरी फॅमिली,’ तो म्हणाला. बाबांनी चष्मा लावून ते फोटो तेव्हा पहिल्यांदा पाहिले. दोन मिनिटांत म्हणाले, ‘अरे, हा धबधबा पवनेचा नाही. हा भंडारदऱ्याचा अंब्रेला फॉल.’ पुढच्या फोटोत एक माणूस भलामोठा मासा घेऊन उभा होता, खाली लिहिलेलं ‘आमच्याकडे पकडलेला’. बाबा म्हणाले, ‘हा जिताडा आहे. खाडीतला मासा इथे डोंगरात कुठून येईल?’ अलिबागच्या माणसाला जिताडा ओळखायला किती वेळ लागणार! जाहिरातीत डिसेंबरात काजवे दाखवू असंही होतं, आणि काजवे तर मेअखेरीला, पाऊस तोंडावर आला की दिसतात. सगळं खोटं उघड्यावर पडलेलं होतं. बाबांना आधी दाखवलं असतं तर एक रुपयाही गेला नसता.

परवान्याचा कागद सकाळी तिथल्या मच्छीमार संस्थेच्या एका काकांना दाखवला. ते म्हणाले, या पाण्यातल्या मासेमारीचा ठेका आमच्या संस्थेकडे आहे, गळ टाकायचा तर आम्हाला विचारायचं, असले कागद मोबाईलवर कोणी देत नाही. मग त्यांनीच बाबांना स्वतःच्या जागेवर बसवलं, कणकेचा गोळा कसा लावायचा यावर दोघांचं तासभर चाललं. दोन चिलापी लागल्या.

तुम्ही जाणार असाल तर पैसे पाठवण्याआधी व्हिडिओ कॉल करून तंबू आणि मागचा डोंगर दाखवायला सांगा. खऱ्या जागेवरचा माणूस लगेच दाखवतो. पैसे घेणाऱ्याचं नाव आणि जागेचं नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा. आणि फसलात तर सकाळची वाट पाहू नका, त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. मी रात्रभर लाजेने गप्प राहिलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लावला. तोवर बहुतेक रक्कम पुढच्या खात्यांत गेली होती, चार हजार तेवढे बँकेने रोखून धरलेत.

परवा बायकोला तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव नवं, ‘पवना’च्या जागी ‘भंडारदरा’. मासा मात्र तोच, आमचा जिताडा. तक्रारीच्या क्रमांकासह तीही पोलिसांना पाठवली आहे.