शाई भरायचं टेक्निकल पेन: आर्किटेक्चरचं पहिलं वर्ष संपल्यावर

आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला की सिनिअर्स एक यादी देतात. ए१ बोर्ड, ड्राफ्टर, सेट स्क्वेअर, क्लच पेन्सिल, कटर, कटिंग मॅट आणि टेक पेन, म्हणजे ठरावीक जाडीची रेघ काढणारं टेक्निकल पेन. बाकीच्या वस्तूंबद्दल फार विचार करायला लागत नाही. पेनांचा मात्र करावा लागतो, कारण शाई भरायच्या एका पेनच्या पैशात फाइनलायनरचा, म्हणजे बारीक फेल्ट टोकाच्या पेनांचा, अख्खा संच येतो आणि एवढे पैसे का घालायचे हे घरी पटवून द्यावं लागतं. मी ०.१८, ०.२५, ०.३५ आणि ०.५ मिमी जाडीची रेघ काढणारी चार पेनं पहिल्या सेमिस्टरपासून वापरतेय. माझं मत सुरुवातीलाच सांगते: घ्या, पण निगा राखायची तयारी असेल तरच.

या पेनच्या टोकाला स्टीलची पोकळ नळी असते, नळीत केसासारखी बारीक तार आणि तारेच्या मागे छोटंसं वजन. पेन हलवलं की टकटक ऐकू येते, म्हणजे तार मोकळी आहे. रॉट्रिंगचं रॅपिडोग्राफ १९५३ मध्ये आलं, आजही तत्त्व तेच आहे. हात जड असो की हलका, रेघेची जाडी बदलत नाही. मात्र पेन कागदावर अगदी काटकोनात उभं धरावं लागतं. वहीत लिहिताना धरतो तसं तिरकं धरलं की रेघ तुटते. सवय होईपर्यंत मनगट दुखतं आणि कामाचा वेग निम्म्यावर येतो, त्यामुळे पहिल्या सबमिशनच्या आदल्या रात्री नवं पेन उघडू नका.

मला या पेनांचं खरं मोल कळलं ते आकड्यांमुळे. ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ या मालिकेत प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या साधारण १.४ पट आहे. ए मालिकेतल्या कागदांचंही तेच: ए२ ची प्रत्येक बाजू तेवढ्याच पटीने वाढवली की ए१ होतो. म्हणून ए१ शीट लहान करून ए२ वर झेरॉक्स काढली, तर ०.५ ची रेघ ०.३५ ची होते आणि त्या प्रतीवर ०.३५ च्या पेनने केलेली दुरुस्ती वेगळी दिसत नाही. पोर्टफोलिओसाठी ए३ करायचं असेल तर प्रत्येक रेघ निम्मी होणार. ०.१८ ची रेघ ०.०९ वर येते आणि झेरॉक्समध्ये बऱ्याचदा उडून जाते. हे आधी माहीत असेल तर शीट काढतानाच एक पायरी जाड पेन घेता येतं.

फाइनलायनरमध्ये हा हिशेब जुळत नाही. पिग्मा मायक्रॉनवर ०५ लिहिलेलं असतं, पण रेघ ०.४५ मिमीची असते. ०१ ची ०.२५ आणि ००५ ची ०.२० असते. स्केचिंगला ती पेनं मलाही आवडतात, हात मोकळा चालतो. पण दिवसभर सेट स्क्वेअरच्या कडेला घासून त्यांचं टोक बसतं आणि संध्याकाळची रेघ सकाळच्या रेघेपेक्षा जाड येते.

दुसऱ्या सेमिस्टरला मेजर्ड ड्रॉइंगसाठी, म्हणजे जुनी इमारत मोजून तिची ड्रॉइंग काढायला, आमचा गट वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यात गेला होता. परत आल्यावर चौकातून घेतलेला सेक्शन, म्हणजे वाडा उभा कापल्यावर दिसेल तसा छेद, ट्रेसिंग पेपरवर शाईत काढला. कापलेल्या भिंती आणि जोतं ०.५ ने, मागे दिसणारे लाकडी खांब आणि तुळया ०.२५ ने, फरशीचे सांधे ०.१८ ने. पेन्सिलीत सगळं एकमेकांत गुंतलेलं होतं. शाईत येताच चौक मोकळा दिसायला लागला आणि खांबांमागचा सोपा किती खोल आहे ते कळायला लागलं. ज्यूरीला, म्हणजे काम तपासायला, आलेल्या बाहेरच्या आर्किटेक्टनी लांबूनच सेक्शन वाचला आणि थेट जिन्याबद्दल विचारलं. वर्षभरातला माझा सगळ्यात आनंदाचा क्षण तो.

‘पुढे सगळं ऑटोकॅडमध्येच करायचंय, मग हाताने कशाला?’ हा प्रश्न दर वर्षी येतो. ऑटोकॅड म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर. त्याच्या लाइनवेटच्या, म्हणजे रेघेच्या जाडीच्या, यादीतही ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५० हेच आकडे आहेत. तिथे काही ठरवलं नाही तर प्रत्येक रेघ ०.२५ ची धरली जाते, आणि छापलेल्या शीटवर भिंत आणि फरशी सारख्याच वजनाच्या येतात. कोणती रेघ पुढे आणायची, हे ज्याच्या हाताला कळलंय त्याला स्क्रीनवरही कळतं, असं मला मनापासून वाटतं.

आता त्रास. पेन आठवडाभर वापरलं नाही की शाई सुकते, पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात त्याहून लवकर. टोपण घट्ट लावायचं, पेन नीब वर करून उभं ठेवायचं आणि सुट्टीत घरी जायच्या आधी शाई काढून धुवून ठेवायचं. पेन बंद पडलंच तर नीबचा भाग रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचा. ०.१८ ची तार बाहेर ओढू नका, ती वाकली की परत आत जात नाही. आमच्या स्टुडिओत अशी पेनं कायमची गेलीत. चष्म्याच्या दुकानात अल्ट्रासॉनिक क्लीनर असतो, ओळख असेल तर विचारा. त्यातून बंद पेनं चालू होऊन आलेली मी पाहिलीत.

पावसाळ्यात वेगळीच पंचाईत. दमट हवेत ट्रेसिंग फुगतो, त्याला लाटा येतात आणि शाई उशिरा वाळते. कड उचललेला सेट स्क्वेअर घ्या, नाहीतर शाई खाली ओढली जाऊन डाग पडतो. चुकलेली रेघ ट्रेसिंगवर ब्लेडने हलक्या हाताने खरवडता येते, कार्ट्रिज पेपरवर, म्हणजे जाड ड्रॉइंगच्या कागदावर, तंतू उठतात.

चारही एकदम घेऊ नका. आधी ०.२५ आणि ०.५ घ्या, मग ०.१८. माझं ०.३५ सगळ्यात कमी वापरलं गेलं. ०.१३ पहिल्या वर्षी नकोच, ते सर्वांत लवकर तुंबतं. सेकंड हँड मिळत असेल तर दुकानापेक्षा आधी थिसिस संपवलेल्या सिनिअर्सना विचारा, पण कानाजवळ हलवून टकटक ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.