चिरकणाऱ्या गिटारला कोणता हंबकर: जेबी, टोन झोन की कस्टम कस्टम?

मेपल नेक, फेंडर पद्धतीचा ट्रेमोलो (सूर हलवणाऱ्या दांडीचा ब्रिज) आणि ब्रिजजवळ हंबकर, म्हणजे तारांची कंपनं पकडणारा दोन कॉइलचा पिकअप. अशा गिटारवर डिस्टॉर्शन चढवलं की वरच्या (सगळ्यात पातळ) दोन तारा कानात टोचतात आणि पाम म्यूट केलेली (तळहाताची कड टेकवून दाबलेली) जाड ई तार घुमायच्या ऐवजी नुसती कटकट करते.

पैसे खर्च करण्याआधी पिकअपचे स्क्रू फिरवून तो तारांपासून जरा खाली घ्या. तेवढ्यानेही टोचणी कमी होते.

तरीही बदलायचाच असेल, तर सेमूर डंकनचा जेबी सगळ्यात आधी सुचवला जातो. अल्निको ५ चुंबक, रेझिस्टन्स साधारण १६ किलो-ओहम. आकडा बघून आवाज जाड असेल असं वाटतं, पण या पिकअपचा जोर वरच्या मिड्सवर (बेस आणि ट्रेबलच्या मधल्या पट्ट्याच्या वरच्या भागावर) आहे. महोगनीच्या जड गिटारमध्ये तो सोलो छान पुढे आणतो. आधीच चिरकणाऱ्या गिटारमध्ये मात्र नेमकी तीच जागा बोचते. तुमच्याकडे जेबी आधीच असेल तर तो विकू नका. ५०० किलो-ओहमचा व्हॉल्यूम पॉट (व्हॉल्यूमच्या नॉबखालचा भाग) काढून २५० चा लावून बघा, ट्रेबलची धार चांगलीच मरते.

डिमार्झिओचा टोन झोन याच्या अगदी उलट. बेस आणि खालचे मिड्स भरपूर, त्यामुळे पातळ गिटार पहिल्याच कॉर्डला भरदार वाटते. घरी एकट्याने वाजवताना फार सुख देतो. बँडमध्ये बास गिटार आली आणि गेन वाढवला की खालच्या तारांवरचे वेगवान रिफ एकमेकांत मिसळतात.

माझी पसंती डंकनच्या कस्टम कस्टमला. त्यांच्याच कस्टम मॉडेलचं वाइंडिंग, फक्त सिरॅमिकच्या जागी अल्निको २ चुंबक. एवढ्या एका बदलाने पिकचा पहिला आघात मऊ होतो, ट्रेबल गोल होतो आणि मिड्स पुढे येतात. वरच्या ई तारेवर बेंड धरून ठेवलं की सूर गातो, किंचाळत नाही. बेस थोडा सैल आहे, म्हणून खडखडीत मेटल वाजवणाऱ्यांना मी हा देणार नाही. क्लासिक रॉक, ब्लूज, हार्ड रॉकसाठी मात्र डोळे झाकून घ्या.

डंकनचाच '५९ ब्रिजला नको. त्यात मिड्स कमी, चमक तशीच राहते. नेकला उत्तम.

ऑर्डर देताना रुंद स्पेसिंगचा, म्हणजे फेंडर पद्धतीच्या ट्रेमोलोवरच्या तारांच्या अंतराशी जुळणारा मागा: डंकनकडे ट्रेमबकर, डिमार्झिओकडे एफ-स्पेस्ड. आणि सोल्डरिंगला बसाल तेव्हा रंग तपासा. डंकनची सिग्नलची वायर काळी, डिमार्झिओची लाल. दोन कंपन्यांचे पिकअप एकाच गिटारमध्ये असतील आणि दोन्ही एकदम लावल्यावर आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा वाटला, तर फेज उलटा झालाय, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना खोडतायत. एका पिकअपची सिग्नल आणि ग्राउंडची वायर अदलाबदल करा. शील्डची (धातूच्या आवरणाला जोडलेली) उघडी वायर मात्र ग्राउंडलाच राहू द्या.